चार वेळा परत टाकलं आणि ब्लॉक मलाच? तटस्थता आणि प्रचालकांबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंग्रजी विकिपीडियावर एका संस्थेच्या लेखात तुम्ही 'संस्थापक' काढून 'सहसंस्थापक' केलं, दुसऱ्या एका माणसाचं नाव घातलं, त्याच्याबद्दल दोन परिच्छेद संदर्भासकट लिहिले. तासाभरात ते उडवले गेले, तुम्ही परत टाकले, परत उडवले, असं चारदा झालं आणि शेवटी 24 तासांचा ब्लॉक, म्हणजे तेवढा वेळ संपादनबंदी, तुम्हालाच बसला, समोरचे दोघं मात्र मोकळे, वर तुम्हालाच सल्ला की 'तटस्थता पाळा'. चोर सोडून संन्याशाला फाशी. तर प्रचालक, म्हणजे ब्लॉक करायचा अधिकार असलेले सदस्य, त्यांच्या बाजूचे आहेत हे उघड नाही का, आणि ही तटस्थता नक्की ठरवतं कोण?

मी बारा-तेरा वर्षं संपादन करतोय, त्यातली काही वर्षं प्रचालकही होतो, आणि अशी प्रकरणं इतकी बघितलीत की तुमचा प्रश्न अर्धा वाचल्यावरच पुढचं काय असणार ते कळलं. त्यामुळे नमनाला घडाभर तेल न घालता सांगतो. ब्लॉक तुम्ही चूक होता म्हणून नाही बसला, तुमच्या उलटवण्या चार मोजल्या गेल्या म्हणून बसला. इंग्रजी विकिपीडियावर नियम असा आहे की एका पानावर 24 तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवायचं नाही, पूर्ण असो की थोडंसं असो, तेच वाक्य असो की वेगळं. तुम्ही चारदा केलंत. समोर दोन जण होते, त्यांनी दोन-दोनदा केलं, त्यामुळे दोघंही रेषेच्या आत. हे अन्यायाचं वाटतं, आणि थोडंफार आहेच, कारण ज्याच्याकडे माणसं जास्त त्याच्याकडे उलटवण्या जास्त. पण नियम कोण बरोबर हे बघतच नाही. उघड नासधूस किंवा जिवंत माणसाबद्दलची बिनपुराव्याची बदनामी काढून टाकणं याला सूट आहे, 'माझं खरं होतं' याला नाही. आणि तीनदा करायचा हक्क आहे असंही समजू नका, दोनदा करूनही भांडणाचा सूर दिसला तर ब्लॉक बसतो.

आता प्रचालक. इथे जवळपास सगळेच नवे लोक एक गोष्ट चुकीची धरून येतात, मीही आलो होतो. आपल्याला वाटतं प्रचालक म्हणजे संपादक-मंडळ, मजकूर काय राहणार ते तो ठरवणार. तसं काही नाहीये. प्रचालकाकडे पान वगळणं, पान सुरक्षित करणं, खातं ब्लॉक करणं अशी हत्यारं असतात, मजकुरावर त्याचं मत तुमच्याइतकंच, एक. इंग्रजी विकिपीडियावर या अधिकाराचं चिन्हच मुळी फरशी पुसायचा मॉप आहे, न्यायाधीशाचा हातोडा नाही. शिवाय ज्या वादात तो स्वतः उतरलाय तिथे त्याने ही हत्यारं वापरायची नाहीत असा स्पष्ट नियम आहे, आणि हा मोडला तर प्रचालकालाच जाब द्यावा लागतो. म्हणजे तुमच्या प्रकरणात जो प्रचालक आला त्याने बहुतेक लेख वाचलासुद्धा नसेल, इतिहासाच्या पानावर, म्हणजे लेखातल्या बदलांच्या यादीत, चार ओळी मोजल्या आणि बटण दाबलं. तुम्हाला ते निर्दय वाटतंय, पण विचार करा, त्याने आधी लेख वाचून, कोण बरोबर ते ठरवून मग ब्लॉक केला असता तर? तो खरा पक्षपात झाला असता.

एक जुना विनोद आहे आमच्यात, की भांडण चालू असताना प्रचालक पान सुरक्षित करतो तेव्हा ते कायम 'चुकीच्या आवृत्तीवर'च करतो. दोन्ही बाजूंचं यावर एकमत असतं. मी एकदा एका पानाला तीन दिवसांचं कुलूप लावलं आणि माझ्या चर्चा पानावर वीस मिनिटांच्या अंतराने दोन निरोप आले, एकात मी एका गटाचा हस्तक होतो, दुसऱ्यात त्याच्या बरोबर उलट गटाचा. तो विषय काय होता म्हणाल तर माहितीचौकटीत, म्हणजे लेखाच्या बाजूला थोडक्यात माहिती देणाऱ्या चौकटीत, कुठलं चित्र असावं. हसू नका, इंग्रजी विकिपीडियावर लेखाला माहितीचौकट असावी की नसावी यावरून 2013 मध्ये लवाद समितीपुढे खटला झाला आणि 2018 मध्ये त्याच विषयावरच्या चर्चांमधल्या उद्धट भाषेवरून परत एक. लवाद समिती म्हणजे सगळं थकल्यावरचं शेवटचं दार, आणि तीसुद्धा मजकुरावर निकाल देत नाही, माणसं कशी वागली यावरच देते. 'योगर्ट' या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच असावा की नसावा यावर लोक आठ वर्षं भांडले, 2003 ते 2011. सांगायचा मुद्दा, की तुमचा वाद एका शब्दाचा आहे म्हणून लहान समजू नका आणि एका शब्दासाठी चाललाय म्हणून कट-कारस्थानही समजू नका.

बरं, तटस्थता. हा शब्द मराठीत फसवा आहे, 'तटस्थ' म्हटलं की काठावर उभा राहून गंमत बघणारा माणूस डोळ्यासमोर येतो, आणि मग लोक माणसात तटस्थता शोधायला लागतात, अमका तटस्थ, तमका तटस्थ नाही. माणूस कोणीच नसतो, मी तर अजिबातच नाही. नियम माणसाबद्दल नाहीचे, वाक्याबद्दल आहे. विश्वासार्ह स्रोतांमध्ये जे जे महत्त्वाचं म्हणणं आलंय ते ज्या प्रमाणात आलंय त्या प्रमाणात, कुणाचं आहे ते सांगून मांडा, आणि वादाचं वर्णन करा, वादात उतरू नका, एवढाच आहे तो. म्हणजे दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी जागा हे तटस्थतेत बसत नाही! नव्वद इतिहासकार एक म्हणतायत आणि दोन दुसरं म्हणतायत तर लेखात पन्नास-पन्नास करणं हाच पक्षपात. विकिपीडिया सुरू करणाऱ्यांपैकी एक असलेल्या जिमी वेल्सनी 2003 मध्ये याची फोड फार सोपी करून दिली होती, मत बहुसंख्यांचं असेल तर सर्वमान्य संदर्भग्रंथात ते सहज सापडलं पाहिजे, लक्षणीय अल्पसंख्यांचं असेल तर ते मानणाऱ्या ठळक लोकांची नावं सहज घेता आली पाहिजेत, आणि अगदीच मूठभरांचं असेल तर ते खरं असो वा खोटं, त्या लेखात त्याला जागा नाही. त्यातलं 'खरं असो वा खोटं' हे लोकांना पचत नाही. पण ज्ञानकोश हा नव्या शोधाची घोषणा करायची जागा नाही, तो मागून चालणारा प्राणी आहे.

आणि गंमत बघा, तुमचा 'संस्थापक की सहसंस्थापक' हा वाद विकिपीडियाच्या स्वतःच्या घरातला आहे. 2001 मध्ये जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी मिळून हे सुरू केलं, पुढे सँगर बाहेर पडले, आणि 2005 मध्ये लोकांच्या लक्षात आलं की वेल्स स्वतः स्वतःच्या चरित्रलेखात शिरून सँगर यांचा सहसंस्थापक म्हणून असलेला उल्लेख काढतायत. वेल्सना नंतर कबूल करावं लागलं की हे करायला नको होतं. आज लेख काय म्हणतो? दोघांनी मिळून स्थापन केलं असं म्हणतो. संस्थापकाचं स्वतःचं म्हणणं एका बाजूला आणि त्या काळातल्या बातम्या, प्रसिद्धीपत्रकं दुसऱ्या बाजूला, आणि त्या बाजूचं वजन जास्त भरलं. तुमच्या हातात तसे कागद असतील तर तुमचीही वेळ येईल.

तुमची वाक्यं मी इतिहासात जाऊन वाचली. पहिलं मराठीत सांगायचं तर असं आहे: 'संस्थेच्या उभारणीत सिंहाचा वाटा असूनही हेतुपुरस्सर विस्मृतीत ढकलले गेलेले थोर सहसंस्थापक'. यात माहिती एक आहे आणि निकाल तीन. 'सिंहाचा वाटा' हे कोणी मोजलं, 'हेतुपुरस्सर' हे कोणाच्या मनात शिरून कळलं, आणि 'थोर' तर राहूच द्या. संदर्भ तुम्ही दिलाय पण संदर्भात काय आहे? वर्तमानपत्राच्या कात्रणात एवढंच आहे की पहिल्या बैठकीला चार जण होते आणि घटनेचा मसुदा या गृहस्थांनी लिहिला. मग तेवढंच लिहा ना: 'पहिल्या बैठकीला चार जण हजर होते, संस्थेच्या घटनेचा मसुदा अमुक यांनी लिहिला'. हे वाक्य कोरडं आहे, कबूल, पण हे उडवायला समोरच्याला कारण सापडणार नाही. तुमचं मूळ वाक्य उडवायला मी स्वतःही दहा सेकंद लावली नसती, आणि मी या वादात तुमच्या बाजूचा आहे.

क्रियापदांकडेही लक्ष द्या. 'दावा केला' म्हटलं की वाचक समजतो खोटं असणार, 'उघड केलं' म्हटलं की खरं असणार, 'मान्य केलं' म्हटलं की आधी लपवलं होतं. 'म्हणाले', 'लिहिलं', 'सांगितलं' ही गरीब क्रियापदं, पण ती कुणाच्या बाजूने बोलत नाहीत. तुमच्या समोरच्याने त्याच लेखात पहिल्या संस्थापकाचं सगळं 'नमूद केलं'मध्ये घातलंय आणि तुमच्या माणसाच्या मुलाखतीला 'दावा केला' लावलंय, हे तुम्ही पकडलंच नाही! तक्रार करायची तर ही करायची होती, 'हे पक्षपाती आहेत' ही नाही.

मराठीत हे अजून अवघड आहे, यावर जरा थांबतो कारण याबद्दल कोणी बोलत नाही. इंग्रजीत 'ही' (he) म्हटलं की सुटलात. मराठीत वाक्य सुरू करायच्या आधीच ठरवावं लागतं की हा माणूस 'तो' की 'ते'. क्रिकेटपटूने शतक ठोकलं तर 'त्याने', गायिकेने मैफल केली तर 'त्यांनी', खुन्याला 'त्याला', आणि ज्याच्यावर नुसता आरोप आहे त्याला? मी एकदा एका चरित्रलेखात सगळीकडे 'ते' होतं, आणि वादाच्या विभागात आल्याबरोबर तोच माणूस 'तो' झालेला पाहिलाय, लिहिणाऱ्याला बहुतेक कळलंही नसेल. नावामागच्या उपाध्यांचंही तेच. लोक म्हणतात की आदर दाखवण्यात कसला आलाय पक्षपात, पण एकाला दाखवला आणि दुसऱ्याला नाही की झालाच. माझ्यापुरता मी ठरवलंय की एका लेखात सगळ्या माणसांना एकच रूप, खलनायकालासुद्धा, आणि उपाधी 'या नावाने ओळखले जातात' एवढ्यापुरती एकदा. सगळ्यांना पटत नाही, मलाही दर वेळी जमत नाही.

आता तुमच्या तक्रारीतलं जे खरं आहे तेही सांगतो, नाहीतर मी नुसता व्यवस्थेचा वकील वाटेन. जुन्या लोकांचं वजन असतंच. कागदावर एकमत म्हणजे मतमोजणी नाही, युक्तिवाद बघायचा, पण प्रत्यक्षात ज्याच्याकडे वेळ जास्त, नियमांची नावं पाठ आणि दमसास मोठा, तो जिंकतो. सगळ्यात अवघड माणूस शिव्या देणारा नसतो, तो दोन दिवसांत ब्लॉक होतो. अवघड असतो तो गोड बोलणारा, जो वर्षानुवर्षं एकाच दिशेने एकेक शब्द सरकवतो, प्रत्येक आक्षेपावर 'कृपया स्रोत द्या' म्हणतो, स्रोत दिला की 'हा पुरेसा नाही' म्हणतो, आणि समोरचा एक दिवस वैतागून एक वाक्य वाकडं बोलला की त्याचीच तक्रार करतो. असे दोन-तीन जण मी जवळून पाहिलेत, त्यांना थांबवायला व्यवस्थेकडे फारसं काही नाही, कारण त्यांची कुठलीही एक कृती नियमाबाहेर नसते.

आणि छोट्या विकींवर, म्हणजे कमी संपादक असलेल्या भाषांच्या विकिपीडियांवर, तर ज्याच्या हाती ससा तो पारधी. क्रोएशियन विकिपीडिया हे याचं ठळक उदाहरण. मोजक्या प्रचालकांच्या गटाने ती जवळजवळ एक दशक ताब्यात ठेवली, इतिहासाचे लेख अति-उजव्या बाजूला झुकवले, विरोध करणाऱ्यांना ब्लॉक केलं, मतदानात बनावट खाती वापरली. 2013 मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना उघड सांगितलं की ही विकिपीडिया वापरू नका. तरी सगळं सुटायला 2020 उजाडलं, आणि विकिमीडिया फाउंडेशनचा, म्हणजे विकिपीडियामागच्या संस्थेचा, त्यावरचा अहवाल आला 2021 मध्ये. नियम तिथेही तेच होते बरं का, तटस्थतेचं पान तिथेही होतं. नव्हती ती वेगवेगळ्या मतांची पुरेशी माणसं. त्याच्या उलट 2019 मध्ये नेचर ह्यूमन बिहेवियर या शोधपत्रिकेत एक अभ्यास आला होता, त्यात असं दिसलं की राजकीयदृष्ट्या दोन्ही टोकांचे संपादक जिथे एकत्र काम करतात ते लेख एकाच रंगाच्या लोकांनी लिहिलेल्या लेखांपेक्षा दर्जाने चांगले निघतात. म्हणजे समोरचे दोघं तुम्हाला नकोसे वाटतायत, पण ते गेले तर तुमचाच लेख बिघडेल.

मग वरून कोणीतरी बघावं, फाउंडेशनने हात घालावा, असं तुम्ही लिहिलंय. तेही करून झालंय. जून 2019 मध्ये फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियावरच्या एका जुन्या प्रचालकाला परस्पर एक वर्षाची बंदी घातली, पुरावे उघड न करता. त्या माणसाचं वागणं तिखट होतं हे त्याचे मित्रही मान्य करायचे, पण संपादकांच्या समाजाला बायपास करून निर्णय आला म्हणून इतका गदारोळ झाला की वीसएक प्रचालकांनी राजीनामे दिले, आणि शेवटी सप्टेंबरमध्ये लवाद समितीने ती बंदी उठवली. त्यानंतर सगळ्या प्रकल्पांसाठी आचारसंहिता आली, इंग्रजी विकिपीडियावर तर 2024 पासून प्रचालकाचे अधिकार काढून घ्यायची प्रक्रिया सुरू करायची सोयही झालीये, अनुभवी संपादकांच्या 25 सह्या महिन्याभरात जमल्या की त्याला नव्याने कौल घ्यावा लागतो. पण हे सगळं वागणुकीसाठी. 'सहसंस्थापक' लिहायचं की नाही हे वरून कोणीच येऊन ठरवणार नाही, आणि न ठरवलेलंच बरं.

समोरचे दोघं तुमच्याशी पहिल्या मिनिटापासून इतके तुटक का वागले, त्यालाही कारण आहे. तुमचं खातं नवं, संपादनं जेमतेम पंधरा, सगळी एकाच लेखात, एकाच माणसाची बाजू घेणारी. आमच्यासारख्यांना यात लगेच पैसे घेऊन लिहिणारा दिसतो. 2015 मध्ये एकाच टोळीची 381 खाती एकदम ब्लॉक झाली होती, ते लोक छोट्या व्यावसायिकांकडून लेख लिहायचे पैसे घ्यायचे, आणि लेख 'सांभाळायचे' वेगळे. अशा गोष्टी बघून माणूस संशयी होतो. समोरचा सद्हेतूने आलाय असं गृहीत धरा, हा आमचाच नियम, पण दिवसातला पन्नासावा संशयास्पद बदल बघताना तो आठवत नाही, हे माझंही झालंय. एका नव्या माणसाला मी प्रचारक ठरवून फटाफट उलटवलं होतं, नंतर कळलं की ते गृहस्थ त्या विषयावर आयुष्यभर शिकवत होते आणि चूक लेखात होती. मी माफी मागितली, पण ते परत आले नाहीत. तुमचा त्या माणसाशी नातेसंबंध असेल तर मात्र आधीच स्वतःच्या सदस्य पानावर लिहून टाका, आणि पैसे मिळत असतील तर ते जाहीर करणं 2014 पासून वापराच्या अटींमध्येच सक्तीचं आहे. लपवलेलं सापडतं, आणि सापडलं की तुमचे खरे संदर्भही कोणी वाचत नाही.

आता करायचं काय. ब्लॉक संपेपर्यंत गप्प बसा. दुसरं खातं काढून लिहायला जाऊ नका, ते पकडलं जातं आणि मग 24 तासांचा ब्लॉक लांबतो, कायमचाही होऊ शकतो. मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'या लेखावर जाऊन पाठिंबा द्या' तर अजिबात टाकू नका, एका दिवसात उगवलेली सहा नवी खाती सगळ्यांना लांबून दिसतात. प्रचालकांच्या तक्रार-फलकावर जायचा मोह होईल, जाऊ नका, तिथे तक्रारदाराचीही सगळी संपादनं उघडून बघतात आणि चार उलटवण्या तुमच्या आहेत, हात दाखवून अवलक्षण होईल.

ब्लॉक संपला की लेखाला हात न लावता चर्चा पानावर जा आणि एकच मुद्दा मांडा. मी लिहिलं असतं तर असं लिहिलं असतं: 'माझा आधीचा मजकूर रंगवलेला होता आणि मी वारंवार परत टाकायला नको होता. या कात्रणात पहिल्या बैठकीतली चार नावं आणि मसुदा लिहिणाऱ्याचं नाव आहे. तेवढंच एक वाक्य इतिहास विभागात घालावं असा प्रस्ताव आहे. हरकत असेल तर स्रोताबद्दल आहे की त्याला लेखात किती वजन द्यावं याबद्दल ते सांगावं.' शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण मग समोरच्याला 'तटस्थ नाही' म्हणून मोघम उडवता येत नाही. आठवडाभर उत्तर नाही आलं तर वाक्य घाला. आलं आणि अडलं तर तटस्थतेच्या फलकावर विचारा, नाहीतर सरळ सगळ्यांची मतं मागवा, ते साधारण 30 दिवस चालतं आणि या वादाशी काही देणंघेणं नसलेली माणसं येतात. वाद फक्त दोघांत असता तर तिसरं मत मागता आलं असतं, तुमच्याकडे तिघं आहात. मराठी विकिपीडियावर असता तर चावडीवर, म्हणजे तिथल्या सामाईक चर्चेच्या पानावर, टाका म्हटलं असतं.

'सहसंस्थापक' हा शब्द मात्र आत्ता मागू नका. कात्रणात तो नाहीये, मसुदा लिहिला म्हणून सहसंस्थापक हा तुमचा निष्कर्ष आहे, बरोबर असेलही, पण तो तुमचा आहे. तो शब्द छापलेला एखादा त्रयस्थ स्रोत शोधा, संस्थेचा जुना अहवाल मिळाला तरी निदान चर्चेला आधार होईल. आणि तुमचा दुसरा संदर्भ आत्ताच काढून टाका, तो त्यांच्या नातवाचा ब्लॉग आहे, समोरच्याने तो अजून उघडलेला दिसत नाही.